द्वेषाची व्याख्या आणि कायद्याची भाषा



संयोजकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही 'ज्यूद्वेषाची कायदेशीर व्याख्या' असं सांगितलं. फोनवर थोडा वेळ शांतता. मग विचारणा झाली, "सर, आपल्याकडं ज्यू आहेत कुठं?" प्रश्न रास्त आहे. धाराशिव जिल्ह्यात ज्यूंची वस्ती नाही, सिनेगॉग नाही. पण ज्याचा द्वेष करायचा तो माणूस गावात असावाच लागतो असं नाही. आणि व्याख्येचा प्रश्न तर आपला रोजचाच आहे. अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा कशाला म्हणायचं, बहिष्कार कशाला म्हणायचं, अंधश्रद्धा कशाला म्हणायचं, यावर या महाराष्ट्रात जेवढी डोकेफोड झाली तेवढी फार थोड्या ठिकाणी झाली असेल. तेव्हा जगात आज गाजणाऱ्या एका व्याख्येची परीक्षा आपण आपल्या अनुभवाच्या दगडावर घासून करू, एवढाच आजचा उद्योग.

आधी आपल्या ज्यूंबद्दल दोन शब्द. कोकणच्या किनाऱ्यावर, अलिबागजवळ नवगावला गलबत फुटलं आणि त्यातून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला समाज वाढला, अशी बेने इस्राएल लोकांची परंपरा सांगते. हे लोक तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. म्हणजे बघा, कोकणानं त्यांना ओळखलं ते काय मानतात यावरून नाही, कधी काम थांबवतात यावरून ओळखलं. दिवेकर, केहिमकर, पेणकर, रोहेकर अशी त्यांची आडनावं. बोली मराठी, कीर्तनंसुद्धा मराठीत. इस्राएलला गेलेल्यांनी तिथं 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. १९५१ च्या जनगणनेत देशात २६ हजारांच्या आसपास ज्यू होते, २०११ साली पाच हजारांहून कमी. जून २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनानं त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला.

या भूमीत ज्यूंचा कधी छळ झाला नाही, असं आपण अभिमानानं सांगतो. खरं आहे, आणि इस्राएलचे लोकही ते सांगतात. पण अभिमानाला थोडं मीठ लावून खावं. याच समाजात गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असा भेद होता, त्यांच्यात रोटीबेटीला अडथळे होते. हा भेद बाहेरच्या कोणत्या देशातून आला नव्हता. आम्ही त्यांना आमचा द्वेष दिला नाही, जात मात्र दिली. आणि गंमत म्हणजे हीच मंडळी इस्राएलला गेली तेव्हा १९६२ साली तिथल्या मुख्य धर्मगुरूंनी फर्मान काढलं, की बेने इस्राएल माणसाचं लग्न लावण्याआधी त्याच्या आईचं, आजीचं घराणं तपासा. शनिवारी घाणा बंद ठेवणारा माणूस कोकणात ज्यू होता, इस्राएलमध्ये संशयित ठरला. मोर्चे निघाले, धरणी झाली, आणि १९६४ च्या ऑगस्टमध्ये त्या फर्मानातून बेने इस्राएल हे नाव काढावं लागलं. व्याख्या करणाऱ्याच्या हातात काय ताकद असते हे ज्यूंइतकं कुणी भोगलेलं नाही. १९३५ साली जर्मनीत ज्यू कोण हे आजी-आजोबा मोजून ठरवलं गेलं. तीन किंवा चार ज्यू निघाले की माणूस ज्यू, मग तो स्वतः काही का मानेना.

आपल्याकडंही माणसांची अशी व्याख्या करणारा कायदा होताच. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा. पारध्याचं पोर जन्मलं की गुन्हेगार. आपल्या शेजारी सोलापुरात तारेच्या कुंपणातली सेटलमेंट होती. ३१ ऑगस्ट १९५२ ला या जमाती मुक्त झाल्या. पण आजही कळंब-वाशीकडं चोरी झाली की नजर आधी कुठल्या वस्तीकडं जाते, हे इथं बसलेल्यांना आम्ही सांगायला नको.

तर कायद्यानं दोन प्रकारच्या व्याख्या केल्या. एक, ज्याचा द्वेष करायचा त्या माणसाची. ती १८७१ ची आणि १९३५ ची. दुसरी, द्वेषाची स्वतःची. ही अलीकडची. आजचा विषय ही दुसरी.

२६ मे २०१६ ला बुखारेस्टच्या बैठकीत इंटरनॅशनल होलोकॉस्ट रिमेम्ब्रन्स अलायन्स या संघटनेनं ज्यूद्वेषाची एक कामचलाऊ व्याख्या स्वीकारली. भारत या संघटनेचा सदस्य नाही. व्याख्येवरच लिहिलंय की ती कायद्यानं बंधनकारक नाही. पण पुढं अनेक देशांनी ती स्वीकारली, आणि डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी आदेश काढला, की भेदभावाच्या तक्रारी तपासताना सरकारी खात्यांनी ती विचारात घ्यावी. विद्यापीठांतल्या तक्रारी त्यात आल्या. बंधनकारक नाही म्हणून दारातून आत घेतलेला पाहुणा घरातला कारभारी झाला, असं झालं.

व्याख्येचा आशय थोडक्यात असा. ज्यूद्वेष म्हणजे ज्यूंविषयीची एक विशिष्ट धारणा. ती ज्यूंबद्दलच्या तिरस्कारातून व्यक्त होऊ शकते. त्यानंतर अकरा उदाहरणं.

आता आम्ही आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं, तेव्हा सवयीनं न्यायशास्त्राचे तीन दोष लावून बघतो. बी.ए.ला ज्यांना शिकवलं ते इथं असतील, त्यांना आठवेल. गाय म्हणजे तांबूस रंगाचा प्राणी असं म्हटलं तर लालकंधारी बसते आणि देवणी बाहेर राहते. ही अव्याप्ती. गाय म्हणजे शिंगं असलेला प्राणी म्हटलं तर म्हैस, बकरी सगळे आत येतात. ही अतिव्याप्ती. आणि गाय म्हणजे एक अखंड खूर असलेला प्राणी म्हटलं तर बाजारभर फिरा, एकही गाय सापडायची नाही. हा असंभव.

अलायन्सच्या व्याख्येचं पहिलं वाक्य बघा. 'एक विशिष्ट धारणा'. कोणती? ते सांगितलेलं नाही. ती तिरस्कारातून व्यक्त 'होऊ शकते'. म्हणजे नाहीही होऊ शकत. मग नाही झाली तर तिला ओळखायचं कसं? लक्षणच सांगितलेलं नाही, तिथं अतिव्याप्ती आणि अव्याप्ती दोन्हीला दार उघडं. सगळा भार मग उदाहरणांवर येतो. अकरांपैकी सात उदाहरणांमध्ये इस्राएल या राष्ट्राचा उल्लेख कुठल्या ना कुठल्या रीतीनं आहे. इस्राएलला इतर लोकशाही देशांना लावत नाही असे निकष लावणं हे त्यातलं एक. इस्राएलच्या धोरणाची नाझींशी तुलना करणं हे दुसरं. आता ही तुलना आम्हाला स्वतःला भोंगळ आणि बहुतेक वेळा क्रूर वाटते. ज्यांचे आजोबा गॅस चेंबरमध्ये गेले त्यांना हा शब्द फेकून मारणं ही माणुसकी नव्हे. पण भोंगळ बोलणं आणि गुन्हा यांत अंतर आहे. आपल्याकडं तर कडक हेडमास्तरला पोरं हिटलर म्हणतात.

या मसुद्याचे प्रमुख कर्ते केनेथ स्टर्न हे ज्यू आहेत, वकील आहेत. मूळ मसुदा २००५ च्या सुमाराचा, आणि हेतू असा की युरोपातल्या देशांत ज्यूंवरच्या घटनांची नोंद करणाऱ्यांनी एकच मोजपट्टी वापरावी. विद्यापीठात कोण काय बोललं हे ठरवण्यासाठी ती वापरायला त्याच स्टर्न यांनी जाहीर विरोध केला. २०१७ साली अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढं तशी साक्ष दिली. शिरगणतीच्या कागदावर कुणी फौजदारी चालवू लागलं तर कागद लिहिणाऱ्यानं ओरडायलाच हवं.

इथपर्यंत टाळ्या वाजवणारे पुष्कळ भेटतात. पुढं जरा अवघड आहे.

पुष्कळ पुरोगामी मित्र म्हणतात, की हे सगळं व्याख्येचं प्रकरण म्हणजे इस्राएल सरकारला टीकेपासून वाचवायची ढाल आहे. ज्यूद्वेष वगैरे आता युरोपच्या इतिहासात राहिला. त्यांना आम्ही कुलाब्यात नेऊ. २६ नोव्हेंबर २००८. छत्रपती शिवाजी टर्मिनस, ताज, ओबेरॉय ही गर्दीची, नावाजलेली ठिकाणं होती. नरीमन हाऊस गल्लीतली इमारत. ती शोधावी लागते. तिथं गॅव्ह्रिएल होल्ट्झबर्ग हे धर्मगुरू, त्यांची पत्नी रिव्का, आणि पाहुणे असे सहा जण मारले गेले. दोन वर्षांच्या मुलाला दाईनं उचलून बाहेर आणलं म्हणून तो वाचला. ज्यूंना ज्यू म्हणून शोधून मारायचं हे काम महाराष्ट्राच्या राजधानीत झालं, आणि आम्ही म्हणतो आमच्याकडं ज्यूद्वेष नाही. तो आमच्या मातीतला नव्हता हे कबूल. पण त्या रात्री जे घडलं त्याला दुसरं नाव नाही. कसाबवरच्या खटल्यात मात्र हा शब्द लागला नाही. खून, देशाविरुद्ध युद्ध, कट, एवढी कलमं पुरली. शिक्षा द्यायला द्वेषाचं नाव लागलं नाही. इतिहास सांगायला ते लागतं. आम्ही कायदा आणि सार्वजनिक धोरण वेगळं का धरतो, ते यासाठी.

आता दुसरी घटना, हलकी वाटावी अशी. ऑगस्ट २००६. नवी मुंबईत खारघरला एक हॉटेल उघडलं, नाव 'हिटलर्स क्रॉस'. दर्शनी हिटलरचं चित्र, नावात स्वस्तिक. मुंबईच्या ज्यू समाजानं निषेध केला, बातमी जगभर गेली, आणि थोड्याच दिवसांत मालकानं नाव बदललं. हा ज्यूद्वेष होता का? आम्हाला वाटतं, तो आधी अज्ञान होता. आपल्याकडं हिटलर म्हणजे इंग्रजांना धडकी भरवणारा माणूस, एवढीच ओळख. रेल्वे स्टेशनच्या स्टॉलवर त्याच्या आत्मचरित्राचा मराठी अनुवाद, शेजारी स्वामी विवेकानंद आणि स्पर्धा परीक्षेचं गाईड. एकाच तरुणाच्या मोबाइलवर सकाळी हिटलरचं गुणगान आणि संध्याकाळी इस्राएलच्या सैन्याचं, असंही आम्ही पाहिलंय. अशा माणसावर द्वेषाचं कलम लावणार? त्यात द्वेषाला लागणारी निष्ठासुद्धा नाही हो. खारघरला जे झालं ते बरोबर झालं. दुखावलेल्यांनी सांगितलं, ऐकणाऱ्यानं ऐकलं, पाटी उतरली. फिर्याद झाली असती तर ती पाटी दहा वर्षं कोर्टात लटकली असती.

पण त्याच वर्षी, अवघ्या महिन्याभरानं, २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यात खैरलांजी घडलं. भोतमांगे कुटुंबातली चार माणसं गावानं मारली. हॉटेलच्या पाटीची बातमी जगभर गेली होती. चार माणसांची बातमी राज्याच्या मोठ्या वर्तमानपत्रांत नीट यायला आठवडे लागले. ही तुलना आम्ही ज्यूंच्या दुःखाला कमी लेखायला करत नाही. ती आमच्या स्वतःच्या कानांबद्दल आहे.

खैरलांजीत कायद्याचं काय झालं ते आजच्या विषयाचं मर्म आहे. आरोपींना शिक्षा झाल्या. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या कोर्टात, आणि २०१० मध्ये नागपूर खंडपीठानं फाशी बदलून जन्मठेप केली. पण अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा दोन्ही ठिकाणी लागू झाला नाही. कारण काय? त्या कायद्यातल्या गंभीर गुन्ह्याच्या कलमात तेव्हा शब्द असे होते, की पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची आहे 'या कारणावरून' गुन्हा केला पाहिजे. आणि कोर्टाला कारण दिसलं ते सूडाचं. आधीच्या एका मारहाणीच्या प्रकरणात साक्ष दिल्याचा सूड. आता गावात एक दलित कुटुंब मान ताठ ठेवून राहतं, साक्ष देतं, आणि त्याचा राग येतो. तो राग जातीचा नाही तर कशाचा? सवर्ण साक्षीदाराला असं सहकुटुंब संपवलं असतं का? पण 'या कारणावरून' हे सिद्ध करायचं म्हणजे आरोपीच्या मनात शिरायचं. द्वेष असा निर्मळ, एकटा कधी येत नाही. तो जमिनीच्या बांधाबरोबर येतो, पाण्याबरोबर येतो, साक्षीबरोबर येतो.

म्हणून आम्हाला दुसऱ्या टोकाचीही काळजी वाटते. अलायन्सच्या व्याख्येला पर्याय म्हणून मार्च २०२१ मध्ये काही विद्वानांनी जेरुसलेम जाहीरनामा काढला. भाषा स्वच्छ आहे, विद्वान मोठे आहेत. त्यांची व्याख्या अशी, की ज्यूंशी ज्यू म्हणून केलेला भेदभाव, पूर्वग्रह, वैर किंवा हिंसा म्हणजे ज्यूद्वेष. वाचताना मन पटकन होकार देतं. पण त्या 'ज्यू म्हणून' या दोन शब्दांत आम्हाला खैरलांजीचं 'या कारणावरून' ऐकू येतं. कोणी तरी उठेल आणि म्हणेल, आम्ही त्याला ज्यू म्हणून नाही मारलं, सावकार म्हणून मारलं, झायोनिस्ट म्हणून मारलं. पहिल्या व्याख्येत म्हैस आत आली. दुसरीत देवणी बाहेर राहिली.

मग मार्ग काय? आपल्या संसदेनं एक मार्ग काढला आणि त्याची जितकी चर्चा व्हायला हवी तितकी झाली नाही. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात दुरुस्ती झाली, ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. 'या कारणावरून' हे शब्द गेले आणि त्या जागी, पीडित व्यक्ती त्या जातीची आहे 'हे माहीत असून', असे शब्द आले. फरक लहान दिसतो. पण मनातला तिरस्कार सिद्ध करणं एक, आणि माहिती सिद्ध करणं एक. गावात कोण कोणत्या जातीचं हे कुणाला माहीत नसतं? बुखारेस्टमध्ये ते लोक धारणेची व्याख्या करत होते, त्याच वर्षी आपल्याकडं कायदा धारणेतून बाहेर पडून माहितीवर येत होता.

हे शहाणपण आपल्या राज्यघटनेपासूनचं आहे. कलम १७ नं अस्पृश्यता नष्ट केली. पण अस्पृश्यता म्हणजे काय हे घटनेत कुठंही लिहिलेलं नाही. शब्द नुसता अवतरणचिन्हात ठेवलाय. २९ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत हे कलम आलं तेव्हा नझीरुद्दीन अहमद यांनी अधिक नेमकी शब्दरचना सुचवली. के. टी. शाह यांनी शंका काढली, की व्याख्या नसेल तर घरातला विटाळ आणि सुतकसुद्धा यात येईल. बाबासाहेबांनी दुरुस्ती स्वीकारली नाही. ते स्वतः बॅरिस्टर होते, व्याख्या करता येत नव्हती म्हणून टाळली असं कुणी म्हणू नये. आमचा तर्क असा, की ज्यानं ती भोगली त्याला ठाऊक होतं, व्याख्या केली की लोक व्याख्येच्या कुंपणाबाहेर नवी अस्पृश्यता उभी करतील. (शाहांची शंका मात्र सत्तर वर्षांनी परत आली. शबरीमलाच्या निकालात, २०१८ साली, न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी पाळीच्या कारणानं बायकांना अडवणं कलम १७ मध्ये बसवलं, आणि न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी ते मान्य केलं नाही. शब्द उघडा ठेवला की असे वाद होणार. व्हावेत.)

घटनेनं शब्द उघडा ठेवला आणि नंतरच्या कायद्यांनी कृत्यांची यादी केली. पाणवठ्यावर अडवणं, देवळात अडवणं, हॉटेलात वेगळा कप. कृत्य दिसतं, पंचनामा होतो. जादूटोणाविरोधी कायद्याचंही तसंच. श्रद्धा कुठं संपते आणि अंधश्रद्धा कुठं सुरू होते या वादात तो मसुदा वर्षानुवर्षं अडकला. शेवटी २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि मग वटहुकूम निघाला. त्या कायद्याच्या नावात अंधश्रद्धा हा शब्द नाही. अनुसूचीत बारा कृत्यं आहेत. डॉक्टर स्वतः ज्या वादाला कंटाळले नाहीत तो वाद कायद्यानं बाजूला ठेवला, आणि कायदा उभा राहिला.

आणखी मागं जाऊ. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला. सावकार बहुतेक मारवाडी, गुजर. परगावचे, परभाषेचे, व्याजावर जगणारे. युरोपात असतं तर ही अगदी ज्यूंची जागा. पण दंगेखोरांनी माणसं मारण्यापेक्षा गहाणखतं जाळली. त्यांना नेमकं कळलं होतं, की वैरी कागद आहे. सरकारनं चौकशी केली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आणला. पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांना. आपण निजामाच्या राज्यात, म्हणून नळदुर्ग-तुळजापूरला त्याचा उपयोग नव्हता. त्या कायद्यात मारवाडी हा शब्द लागला नाही. कोर्टानं खताच्या मागं जावं, मुद्दल किती, व्याज किती, व्यवहार मुळापासून तपासावा असं त्यात होतं. आणि त्याच १८७९ साली बर्लिनमध्ये विल्हेल्म मार नावाच्या माणसानं 'अँटिसेमिटिझम' हा शब्द रूढ केला. शिवी म्हणून नव्हे हं, स्वतःचं बिरुद म्हणून! देशातल्या सगळ्या दुखण्याचं कारण एक समाज आहे, असं त्याचं म्हणणं. एकाच वर्षी इकडं व्यवहाराची व्याख्या झाली आणि तिकडं माणसांची. आमचे शेतकरी देवमाणसं होते असं नाही, त्या कायद्यातही पुढं पळवाटा निघाल्या. पण दिशा कोणती होती ते पाहा.

आता अलायन्सच्या अकरा उदाहरणांतलं शेवटचं उदाहरण घेऊ, कारण ते आम्हाला ठेवावंसं वाटतं. इस्राएल राज्य जे करतं त्यासाठी जगातल्या सगळ्या ज्यूंना जबाबदार धरणं. गाझातली बातमी पाहून मुंबईतल्या एखाद्या रोहेकरांना कुणी "तुमचे लोक बघा काय करतायत" म्हटलं, तर तो ज्यूद्वेषच. त्या माणसाची मातृभाषा मराठी, मत मुंबईत, आणि जाब मात्र तेल अवीवचा विचारायचा! व्याख्या चांगली की वाईट हे ओळखायला आमची एक साधी कसोटी आहे. त्यातला ज्यू शब्द काढा, दुसरा शब्द घाला, आणि बघा आपल्याला घाम येतो का.

घालून बघू. १९४८ साली एका माणसानं गांधीजींना मारलं आणि पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरं जळली. त्याच वर्षी सप्टेंबरात आपल्या जिल्ह्यात काय झालं? रझाकारांनी इथं अनन्वित अत्याचार केले. गावं लुटली, माणसं मारली. त्यांच्याशी लढलेल्यांना आपण १७ सप्टेंबरला झेंडा लावून वंदन करतो, ते करायलाच हवं. पण पोलीस अ‍ॅक्शन झाल्यावर रझाकारांच्या पापाचा जाब कुणाकुणाला विचारला गेला? पंडित सुंदरलाल समितीनं हैदराबाद संस्थानात २७ ते ४० हजार माणसं मारली गेल्याचा अंदाज केला आणि सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचं नाव घातलं. त्यात विणकर होते, शेतमजूर होते, रझाकारांशी संबंध नसलेले होते. तो अहवाल दशकानुदशकं लोकांपुढं आला नाही. इथल्या जुन्या माणसांना तो वाचायची गरज नाही, त्यांनी विहिरी पाहिल्यात. ज्यू नव्हते म्हणून ती घटना ज्यूद्वेषाच्या व्याख्येत बसत नाही. पण आकार तोच. आणि सहावं उदाहरण, ज्यू नागरिकांची निष्ठा दुसऱ्या देशाशी आहे असा आरोप करणं. तिथं शब्द बदलून बघायची तसदी घ्यायलाही नको. 'पाकिस्तानात जा' हे वाक्य आपण चहाच्या टपरीवर ऐकतोच.

तेव्हा महाराष्ट्रानं ही व्याख्या स्वीकारावी का? फौजदारी कायद्यात नको. दोन समाजांत वैर पेटवण्याविरुद्धचं कलम आधीच आहे. पूर्वी ते भारतीय दंड विधानात १५३-अ होतं, आता न्याय संहितेत १९६ आहे. त्यात कोणत्याही धर्माचं नाव नाही आणि बेने इस्राएल माणसालाही त्याचा आधार मिळतो. ते कलम कुणावर लावलं जातं आणि कुणावर नाही, ही तक्रार वेगळी. नवी व्याख्या आणून ती मिटत नाही. पोलीस प्रशिक्षणात, डी.एड., बी.एड.च्या वर्गात मात्र त्या अकरांतली निदान पाच-सहा उदाहरणं आपल्या उदाहरणांशेजारी ठेवून शिकवावीत. विद्यापीठात मात्र ती नियम म्हणून आणू नये. आम्ही चाळीस वर्षं वर्ग घेतले. मुलगा चुकीचं बोलू शकला नाही तर त्याला दुरुस्त करायचं कुठं?

समोरून एक चिठ्ठी आलीय. विचारलंय, स्टेशनवर हिटलरचं पुस्तक विकायला बंदी घालावी का. नको. जर्मनीत त्या पुस्तकाचे हक्क २०१५ च्या अखेरीस संपले, तेव्हा म्युनिकच्या इतिहास संस्थेनं २०१६ च्या जानेवारीत त्याची सटीप आवृत्ती काढली. त्यानं जिथं खोटं लिहिलंय तिथं शेजारी अभ्यासकांची टीप, अशी हजारो टिपांची, दोन जाडजूड खंडांची. मराठीतही अशी टिपा असलेली आवृत्ती कुणीतरी करायला हवी. इतिहासाचे दोन-तीन तरुण प्राध्यापक आणि जर्मन नीट येणारा एक जण मिळाला तर काम होईल. इथं कुणी तयार असेल तर कार्यक्रमानंतर थांबा, आम्ही आहोत.